सोवळ्यातला चहा

फाल्गुन उतरणीला लागला की काशीतली दुपार स्वतःच पेंगायला लागते. गंगाजी आटून पलीकडे वाळूचं पांढरं मैदान वर येतं, आणि त्यावरून जाणारी माणसं इकडून बघितली तर चालतात की तरंगतात ते सांगता येत नाही. अशाच एका दुपारी, दुर्गाघाटाच्या वरच्या गल्लीत, माकडांसाठी जाळी ठोकलेल्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीपाशी बसून नीलकंठशास्त्री पाटणकरांनी हातातली चहाची वाटी खाली ठेवली आणि म्हणाले, "गयेला जाऊन येतो म्हणतो."

"जा की," त्यांची बायको शरदिनी म्हणाली. गेली कित्येक वर्षं ती हेच ऐकत होती.

"देवव्रत येतोय पुढच्या आठवड्यात गाडी घेऊन. बोललोय त्याच्याशी." देवव्रत म्हणजे त्यांचा जावई. "श्राद्ध करून टाकतो आईवडिलांचं. आणि आवडती वस्तू सोडून येतो. खरी आवडती."

शरदिनीच्या हातातली किटली तिथल्या तिथे थांबली.

इथे जरा मागचं सांगायला हवं. नीलकंठशास्त्र्यांचा उभा जन्म महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची श्राद्धं करण्यात गेला. प्रयागला मुंडण, काशीला गंगापूजन आणि पुढे गयेला पिंडदान, अशी त्यांची यात्रा ते लावून देत. गयेला श्राद्ध झालं की अक्षयवटाखाली माणसानं आपल्या आवडीची एक वस्तू जन्मभरासाठी सोडायची असते. ती पुन्हा तोंडात घालायची नाही. शास्त्रीबुवा प्रत्येक यजमानाला हे बजावून पाठवत, आणि परतीच्या वाटेवर तो भेटला की हटकून विचारत, काय सोडलंत?

लोक कारलं सोडत. दोडका सोडत. एका गृहस्थानं फणस सोडला, कारण फणसानं त्याचं पोट दुखायचं. एका बाईंनी आंबा सोडला म्हणून शास्त्रीबुवांना भरून आलं होतं, तर पुढच्या वर्षी कळलं की त्या आमरस खातात, कारण आमरस म्हणजे काही आंबा नव्हे. "देवाच्या तोंडाला पानं पुसतात लेकाचे," असं ते घरी येऊन चिडून म्हणत. शरदिनी ऐकून घेई आणि ताटात कारल्याची भाजी वाढी.

आणि एवढं सगळं करून ते स्वतः मात्र गयेला गेलेले नव्हते. दिव्याखाली अंधार तो हा. मोठे भाऊ नरहर पुण्याला होते, मोठ्यानं करायचं म्हणून त्यांची वाट बघण्यात वर्षं गेली. मागच्या दिवाळीत नरहरच वारले. आता सत्तरी ओलांडलेल्या शास्त्रीबुवांवर ते काम आलं होतं.

"अहो, मग सोडा की दोडका," शरदिनी म्हणाली. "तुम्हाला तसाही चालत नाही."

"अगं, जन्मभर लोकांची कारली नि दोडके मोजले मी. आता माझी पाळी आली तर मीही तेच करू?" त्यांनी वाटीकडे बघितलं. "चहांपैकीच काहीतरी असणार. या वर्षीचे सगळे पुन्हा एकदा लाव. चव घेऊन ठरवतो."

 शरदिनीनं किटली रिकामी केली.

चहा हा त्या घराला लागलेला उशिराचा नाद होता, आणि तो लावला चिसातोनं. चिसातो जपानहून इथे संस्कृत शिकायला आली होती. विद्यापीठात शिकायची आणि उच्चार घोटायला संध्याकाळी शास्त्रीबुवांकडे यायची. उच्चार त्यांनी घोटून घेतले, पण ती राहिली शरदिनीच्या स्वयंपाकघरात. तिच्या मामाचे चहाचे मळे होते. पहिल्या वर्षी तिनं मोठ्या प्रेमानं एक पुडी आणली, आणि शरदिनीनं त्यात दूध, साखर, आलं घालून तो चहा रटरटा उकळला. आधी तुळशीचं पान ठेवून देवाला नैवेद्य दाखवला, मग पोरीला दिला. पोरगी मान लववून सगळाच्या सगळा प्यायली. पुढे महिन्याभरानं, मराठी जरा जमायला लागल्यावर, ती हळूच म्हणाली, "काकू, थोडं वेगळं करून बघू?"

आता ती आपल्या देशात परत जाऊन शिकवत होती, पण दर वर्षी नव्या तोडणीचा चहा पाठवायची. आषाढाच्या सुमाराला खोका यायचा. डब्यांवरची अक्षरं दोघांनाही वाचता येत नव्हती, तेव्हा दोघांनी त्यांची बारशी करून टाकली होती. पहिल्या तोडणीचा, गवतासारखा ताजा, तो वैशाखातला. काड्याकाड्यांचा, किंचित गोड, तो देठांचा. तांदळाच्या लाह्या घातलेला, भाजणीसारखा खमंग वास येणारा, तो लाह्यांचा. हा शरदिनीचा लाडका. आणि चौथा जो होता, त्याची झुडपं तोडणीआधी कितीतरी दिवस कापडाखाली झाकून ठेवतात, ऊनसुद्धा लागू देत नाहीत, असं चिसातोनं सांगितल्यावर शास्त्रीबुवा खूश होऊन म्हणाले होते, "म्हणजे हा सोवळ्यातला!"

सोवळ्यातल्याला उकळतं पाणी चालत नाही. पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत निववायचं. किती, ते चिसातो उष्णता मोजायचा काटा लावून बघायची. शरदिनी बोट बुडवायची. विरजण लावताना दूध बोटाला जसं लागतं, त्याहून थोडं चढं, की झालं. चिसातोनं एकदा काटा लावून पडताळलं आणि पुन्हा तो काटा काही बाहेर काढला नाही. ओतायचीही एक रीत होती. एक वाटी भरून मग दुसरी भरायची नाही. थोडा इकडे, थोडा तिकडे, परत इकडे, म्हणजे दोन्ही वाट्यांत चव सारखी उतरते.

रोज दुपारी, शास्त्रीबुवा घाटावरून येऊन, जेवून, जरा लवंडून उठले की ही बैठक व्हायची. सकाळ यजमानांची, संध्याकाळ पाठाची. दिवसभरात नवराबायको समोरासमोर बसतात अशी ही एकच वेळ होती. मुलीचं लग्न झाल्यावर तर घरात दुसरा आवाजच नव्हता. शरदिनी वाटी पुढे करून विचारायची, "कसा झालाय?" आणि शास्त्रीबुवा म्हणायचे, "बराय."

बस. बराय. पुरणपोळीला बराय, आमटीला बराय, तिच्या नव्या लुगड्यालाही बराय. चिसातो दर चैत्रात फोन करून विचारायची, या वर्षी कुठला आवडला, तोच जास्त पाठवते. शरदिनी लाह्यांच्या चहाचं पुराण लावायची. शास्त्रीबुवा लांबूनच सांगायचे, सगळेच बरे होते म्हणावं. या माणसाला काय आवडतं हे सगळा संसार करून शरदिनीला ठाऊक नव्हतं. अंदाज मात्र होता. सोवळ्यातला असला की ते वाटीच्या तळाशी उरलेला थेंबसुद्धा सोडत नसत.

म्हणून तर तिचा जीव टांगला होता. सोवळ्यातला सोडला तर सोडला, असं तिला वाटत नव्हतं. या माणसाचा हट्ट ती ओळखून होती. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही. एक चहा सोडला की दुसऱ्यात मन लागणार नाही, मग तोही नको म्हणतील, आणि दुपारी लवंडायचे ते थेट संध्याकाळीच उठतील. मग खिडकीशी ती, गंगाजी आणि माकडं. तिला त्या दुपारची भीती वाटत होती, साधी सरळ भीती.

डबे तळाला गेले होते. दुसऱ्या दिवशी तिनं वैशाखातला केला. एव्हाना त्याची ताजी हिरवाई उतरली होती, पण त्याजागी काहीतरी मऊ आलं होतं, उन्हात वाळवलेल्या कपड्यांसारखं. शास्त्रीबुवांनी डोळे मिटून घोट घेतला. खालून कुणीतरी नाववाल्याला हाक मारत होतं आणि नाववाला ओ देत नव्हता.

"बराय," ते म्हणाले.

त्यानंतर देठांचा झाला. तोही बराच होता. त्याच्या पुढच्या दुपारी सोवळ्यातला करायचा होता, आणि तिथे शरदिनीनं जन्मात केली नव्हती अशी लबाडी केली. पाणी निववलंच नाही. सणसणीत उकळतं पाणी पानांवर ओतलं, आणि ते भिजत ठेवून ती वाळत घातलेलं धोतर उगाच पुन्हा झटकून आली. कडू जहर होऊ दे, म्हणजे आपसूक मनातून उतरेल. वाट्या भरताना तिचे कान गरम झाले होते.

स्वतःच्या वाटीतला घोट तिला गिळवेना. शास्त्रीबुवा मात्र शांतपणे पीत राहिले. एक घोट, मग खिडकीबाहेर बघणं, मग दुसरा घोट. तळाचा थेंबसुद्धा सोडला नाही.

"कसा झालाय?" तिनं विचारलं.

"बराय." मग थोड्या वेळानं, "आज हात घाईत होता तुझा."

रविवारी मुक्ता आली. मुक्ता त्यांची एकुलती एक मुलगी, विद्यापीठापाशी लंका नावाचा भाग आहे तिकडे राहायची, बँकेत होती आणि अर्धं मराठी, अर्धं हिंदी बोलायची. तिला आईची परेशानी दारातूनच दिसली.

"क्या हुआ, आई? चेहरा का असा उतरलाय तुझा?"

शरदिनीनं आतल्या खोलीत नेऊन सगळं सांगितलं. लबाडीसकट सांगितलं. मुक्ता हसत सुटली.

"अगं आई, एक चहा सोडला तर काय बिघडतं? बाकी इतने सारे आहेत की. तू ना, फालतू टेन्शन घेतेस."

"तुला नाही कळायचं," शरदिनी म्हणाली, आणि तिचे डोळे भरले. मुक्ताचं हसू थांबलं.

"बस, बस. आज मी करते चहा. तू आरामात बैस. बाबांना खरी चव तरी कळू दे, नाहीतर ते तुझ्या त्या कडू काढ्यावरच फैसला करायचे."

लेकीनं सगळं यथासांग केलं. चिसातोचा जुना काटा शोधून काढला, पानं चमच्यानं मोजली, मोबाइलवर वेळ लावली. थोडा इकडे, थोडा तिकडे, तेही विसरली नाही. शरदिनीनं घोट घेतला आणि मनात म्हणाली, पोरीनं केलाय खरा. कोवळ्या मटारच्या दाण्यासारखी गोडी होती, कडवटपणाचा मागमूस नव्हता. तिच्या स्वतःच्या हातून इतका नेमका चहा क्वचितच झाला असेल.

शास्त्रीबुवांनी एक घोट घेतला. वाटी हातात धरून बराच वेळ बसले. मग आणखी एक घोट घेतला आणि अर्धी भरलेली वाटी खाली ठेवली.

"बाबा, आवडला नाही का?" मुक्तानं विचारलं.

"बराय की," ते म्हणाले, आणि शरदिनीकडे बघत राहिले, एखादा श्लोक अर्धवट आठवावा तसे.

शरदिनीला हायसं वाटलं. अर्धी वाटी टाकली! म्हणजे सोवळ्यातला त्यांचा लाडका नव्हताच. पण संध्याकाळी भाजी निवडता निवडता तिला नवीनच शंका आली. हा नव्हे, तो नव्हे, तर मग लाह्यांचा असेल? तिचा स्वतःचा लाडका? तोच सोडून आले म्हणजे त्यांच्यासमोर बसून एकटीनं तो पिणार कसा? उरल्या दिवसांत तिनं लाह्यांच्या डब्याचं झाकण उघडलंच नाही, आणि त्यांनीही मागितला नाही.

देवव्रतबरोबर ते पहाटे निघाले. शरदिनीनंही जायला हवं होतं, पण तिच्या गुडघ्यांनी कधीच शरणागती पत्करली होती. घाटाच्या पायऱ्याही आता तिला खिडकीतूनच दिसायच्या.

त्या दुपारी तिनं सवयीनं पाणी ठेवलं, सवयीनं दोन वाट्या मांडल्या, आणि दुसरी उचलून ठेवायचा धीर झाला नाही म्हणून तशीच राहू दिली. लाह्यांचा चहा केला. घरभर भाजणीचा वास सुटला. ती खिडकीशी बसली आणि तिचा डोळा लागला. पलीकडच्या वाळूवर तिला चहाचे मळे दिसले, चिसातोच्या फोटोतल्यासारखे, ओळीनं. सगळ्या झुडपांवर शास्त्रीबुवांची सोवळी वाळत घातली होती, आणि त्यांच्यामधून ते कमंडलू घेऊन चालले होते, एकेक सोवळं उचलून खाली बघत, काहीतरी शोधत. ती इकडून हाका मारत होती, अहो, इकडे, इकडे! आणि मधून गंगाजी वाहत होती, अगदी निवांत. जागी झाली तेव्हा चहा गार झाला होता आणि जाळीवर एक माकड बसून तिच्याकडे सहानुभूतीनं बघत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आधी शास्त्रीबुवा परतले. चेहरा थकलेला पण हलका. देवव्रत खालूनच गेला. जेवणं झाली, ते लवंडले, उठले.  शरदिनी पाणी ठेवायला उठली.

"राहू दे," ते म्हणाले.

ती उभ्या जागी थांबली. "सोडलात?"

"सोडला."

"सोवळ्यातला?"

"नाही."

"लाह्यांचा?"

"तोही नाही." त्यांनी जाळीतून बाहेर बघितलं. "अक्षयवटाखाली बसलो, तिथल्या गयावळ पंड्यानं विचारलं, काय सोडता? आणि मला लोकांची सगळी कारली आठवली. मग मनाशी एकेक चहा लावून बघितला. वैशाखातला सोडू? सहज सुटत होता. देठांचा सुटत होता. सोवळ्यातलाही सुटला असता गं. मुक्तानं परवा केला ना, काही चूक नव्हती त्यात. पण घशाखाली उतरेना. आणि तू त्या दिवशी कडू जहर केलास, मुद्दाम…"

"कळलं होतं तुम्हाला?"

"न कळायला काय झालं? तो मी तळापर्यंत प्यायलो. तेव्हा पान नव्हे ते. तुझ्या हातचा चहा सोडला मी. दुधाचा, बिनदुधाचा, सगळा."

काखेत कळसा असणारा माणूस गावभर फिरून आला होता, आणि सापडल्या सापडल्या तो कळसा गंगार्पण करून आला होता. शरदिनी मटकन खाली बसली. तिला राग आला.

"जन्मभर बराय, बराय," ती म्हणाली. "एकदा तोंडातून निघालं नाही. आणि निघालं ते सोडून आल्यावर? हे आधी सांगितलं असतंत तर काय गंगाजी आटली असती?" आणि ती पदर तोंडाला लावून रडायला लागली. त्यात सुख होतं आणि ते गेल्याचं दुःखही होतं, आणि दोन्ही एकाच वेळी आल्यानं तिला काही वेगळं करता येईना.

 शास्त्रीबुवा उठले आणि स्वयंपाकघरात गेले. भांड्यांचा आवाज झाला. काहीतरी पडलं.

"अगं, ते पाणी कशात तापवतेस तू?"

शरदिनीनं डोळे पुसले. पिंडाचा भात सोडला तर या माणसानं जन्मात काही शिजवलं नव्हतं. ती उठणार होती, पण तशीच बसली. तिचा हात आता त्यात चालणार नव्हता.

"खालच्या फळीवरचं पातेलं," ती म्हणाली. "कळशीतलं पाणी नको, फिल्टरचं घ्या. कुठला करताय?"

"लाह्यांचा. तुला आवडतो ना?"

पाणी उकळलं, बरंच जास्त उकळलं. लाह्या ओट्यावर सांडल्या त्या तिला बसल्या जागेवरून ऐकू आल्या. मग डोकं खाली घालून, पूजेचा कलश धरावा तशी किटली दोन्ही हातांत धरून शास्त्रीबुवा बाहेर आले आणि तिच्यासमोर बसले. एकच वाटी काठोकाठ भरायला लागले.

"थोडा इकडे, थोडा तिकडे," ती म्हणाली. तिचा हात आपोआप पुढे गेला होता, तो तिनं मागे घेऊन मांडीखाली दाबून धरला.

"हो, हो." त्यांनी ओतलं. थोडा इकडे, थोडा तिकडे, थोडा चटईवर. वाटी तिच्यापुढे सरकवली आणि ते वाट बघत राहिले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

शरदिनीनं वाटी उचलली. खाली नाववाला कुणाला तरी ओ देत होता. पलीकडची वाळू उन्हात पांढरी झाली होती आणि तिच्यावरून माणसं तरंगत चालली होती. तिनं घोट घेतला. लाह्या जळक्या लागत होत्या, पानं कडू झाली होती, आणि जीभ पोळली.

"कसा झालाय?" नीलकंठशास्त्र्यांनी विचारलं.

तिनं वाटी तळापर्यंत रिकामी केली, शेवटच्या थेंबासकट, आणि मगच खाली ठेवली.

"बराय," शरदिनी म्हणाली.